शिबंदीविना किल्ले : अक्को ते शोबक

रविवार : रामला

गणपती विसर्जन आटोपून पितृपंधरवड्यात निघण्याचे एक कारण स्वस्त विमानभाडे हे होते. दुसरे असे की, क्रुसेडच्या रणभूमी पाहायच्या तर गवत वाळलेले आणि झरे आटलेले असतानाच पाहाव्यात, असा आमच्यातील थोरल्या मित्राचा आग्रह होता. सह्याद्रीतील गडकोट पायाखाली घातलेल्या आम्हा तिघांना ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातील त्या दोनशे वर्षांच्या धर्मयुद्धांविषयी वाचताना एक कोडे पडले होते. युरोपातून आलेल्या फ्रँकांनी पॅलेस्टाइन आणि जॉर्डनच्या पट्ट्यात एकाहून एक बेलाग किल्ले उभारले. तरीही ११८७ च्या उन्हाळ्यात त्यांचे जेरुसलेमचे राज्य तीन महिन्यांत जवळजवळ पुसले गेले. तटबंदी शाबूत असताना राज्य कसे जाते, हे त्या जागांवर उभे राहून समजून घ्यायचे होते.

विमानतळापासून रामला जवळ आहे आणि तेथे बेने इस्राएल या कोकणी यहुदी समाजातील एक काका आमची वाट पाहत होते. त्यांचे घराणे मूळ अलिबागकडचे. पन्नास वर्षांहून अधिक काळ इस्राएलमध्ये काढूनही त्यांच्या मराठीतला आगरी-कोकणी हेल तसाच आहे. चहा होताच त्यांनी आम्हांला गावातील मोठ्या मशिदीत नेले. ही मशीद म्हणजे बाराव्या शतकात क्रुसेडरांनी बांधलेले चर्च. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम आहे, कारण चर्चची वेदी पूर्वेला असते. मक्का मात्र येथून दक्षिणेला पडते. त्यामुळे मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, बाजूच्या लांब भिंतीत बसवलेला आहे आणि नमाजाच्या सतरंज्या इमारतीच्या लांबीला समांतर, खांबांच्या रांगांमधून टाकलेल्या आहेत. वास्तू कोणी बांधली आणि कोणी वापरली, हे तेथे सतरंज्यांच्या दिशेवरूनच कळते.

याच परिसरात, माँजिझार येथे, २५ नोव्हेंबर ११७७ रोजी कुष्ठरोगाने ग्रासलेल्या सोळा वर्षांच्या जेरुसलेमच्या राजा चौथ्या बाल्डविनने इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाउद्दीन अय्युबी याच्या मोठ्या फौजेचा पराभव केला होता. हा विजय लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण फ्रँकांची फौज तुटपुंजी असूनही ती कधी जिंकत नसे, असे नव्हते. फरक इतकाच की सलाउद्दीनला इजिप्तमधून पुन्हा फौज उभी करता येई. फ्रँकांची एक फौज गेली, की दुसरी नसे.

सोमवार : अक्को

सकाळी किनाऱ्याच्या महामार्गाने उत्तरेला निघून अक्कोला पोहोचलो. हे बंदर पहिल्या बाल्डविनने ११०४ मध्ये जिनोव्हाच्या आरमाराच्या मदतीने घेतले, ११८७ मध्ये सलाउद्दीनने परत मिळवले, ११९१ मध्ये ते पुन्हा फ्रँकांकडे गेले आणि त्यानंतर १०० वर्षे जेरुसलेमच्या राज्याची राजधानी होऊन राहिले. जेरुसलेम हाती नसतानाही नाव मात्र जेरुसलेमच्या राज्याचेच.

आजचे दिसणारे अक्को मुख्यतः अठराव्या शतकातील उस्मानी गाव आहे. क्रुसेडरांचे शहर त्याच्या पायाखाली आहे. हॉस्पिटलर या लढाऊ संन्याशांच्या संघाची दालने मातीने भरून त्यांवरच नवी गढी उभारण्यात आली होती. विसाव्या शतकात ती माती उपसल्यावर खालचे विश्व हाती लागले. आत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो गारवा आणि मग दगडी कमानींचा आवाका. भोजनगृहाच्या मध्यभागी तीन प्रचंड गोल खांब आहेत. प्रत्येक खांब आम्हां तिघांच्या कवेत मावत नाही. त्यांतून निघालेल्या कमानींच्या फासळ्या छताला जाऊन मिळतात आणि दोन कोपऱ्यांत कमळासारखे फ्रेंच राजचिन्ह कोरलेले दिसते.

मला मात्र या दालनांपेक्षा दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटल्या. एक म्हणजे सार्वजनिक शौचालय. दगडी बैठकींच्या रांगा, खाली नळ्या आणि त्याखाली मैल्याचे मोठे कुंड, असा दुमजली बंदोबस्त आहे. कुंडातील वाळलेल्या थराचे नमुने शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा त्यांत जंतांची अंडी विपुल सापडली. पोथ्यांमधले तेजस्वी वीर पोटाने किती बेजार होते, याचा हा पुरावा; वेढ्यात माणसे तलवारीपेक्षा हगवणीने अधिक मरत, हे विधान त्या बैठकींसमोर उभे राहून वाचले की पटते. दुसरी गोष्ट म्हणजे साखरेची मडकी. शंकूच्या आकाराचे, तळाला भोक असलेले हे मातीचे साचे शेकड्यांनी सापडले आहेत. उसाचा आटवलेला रस त्यात ओतायचा, काकवी भोकातून खालच्या गाडग्यात निथळू द्यायची, आणि वर उरलेली साखर जहाजात भरून युरोपला पाठवायची. ऊस आणि साखरेचे तंत्र अरबांचे, गाळप पाहणारे संन्यासी ख्रिस्ती आणि माल वाहणारी जहाजे इटालियन. क्रुसेडला केवळ श्रद्धेचा किंवा केवळ लुटीचा मामला म्हणणाऱ्यांनी ही मडकी अवश्य पाहावीत.

व्यापाराचे हे जाळे किती घट्ट होते, ते अंदलुसियातील, म्हणजे मुसलमानी स्पेनमधील, प्रवासी इब्न जुबैर याने ११८४ मध्ये येथे येऊन नोंदवून ठेवले आहे. तो दमास्कसहून काफिल्याबरोबर आला, तेव्हा सलाउद्दीन केरकच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. तरीही काफिले दोन्ही राज्यांमधून बिनदिक्कत जात-येत होते, याचे त्याला मोठे नवल वाटले. अक्कोच्या जकातनाक्यावर त्याला सोन्याने मढवलेल्या शिसवी दौती घेऊन बसलेले ख्रिस्ती कारकून दिसले आणि ते हिशेब अरबीत लिहीत होते. गावातील गर्दी आणि घाण यांनी तो वैतागला, हेही त्याने लपवलेले नाही. वाटेत फ्रँकांच्या अमलाखालील मुसलमान शेतकरी निम्मे पीक आणि थोडा दरडोई कर देऊन बऱ्यापैकी सुखाने राहतात, हे पाहून मात्र तो अस्वस्थ झाला, कारण शेजारच्या मुसलमान जमीनदारांच्या रयतेची स्थिती त्याला याहून वाईट दिसत होती.

याच गावाने दोन भयंकर प्रसंगही पाहिले. ऑगस्ट ११८९ पासून ख्रिस्ती फौज अक्कोला वेढा घालून बसली आणि तिच्याभोवती सलाउद्दीनने आपला तळ ठोकला. म्हणजे वेढा घालणारेच वेढ्यात. जवळपास दोन वर्षांनी, १२ जुलै ११९१ रोजी गाव शरण आले. दोन लाख दिनार, कैद्यांची सुटका आणि ख्रिस्ताच्या क्रुसाचा पवित्र तुकडा या अटींवर तह झाला. हप्ता लांबला, तसा इंग्लंडचा राजा रिचर्ड याने २० ऑगस्ट रोजी सुमारे २,७०० कैद्यांना गावाबाहेर, सलाउद्दीनच्या सैन्याच्या डोळ्यांदेखत ठार केले. दुसरा प्रसंग अखेरचा. १२९० मध्ये इटलीहून नव्याने आलेल्या धर्मवेड्या जमावाने अक्कोच्या बाजारात मुसलमान व्यापारी आणि शेतकरी कापून काढले. येथे मुरलेल्या फ्रँकांना त्याचे परिणाम ठाऊक होते, पण तोवर उशीर झाला होता. पुढच्याच वर्षी इजिप्तचा मामलुक सुलतान अल्-अश्रफ खलील चालून आला आणि १८ मे १२९१ रोजी शहर पडले. टेम्पलर या दुसऱ्या लढाऊ संन्याशांच्या संघाची समुद्रालगतची गढी आणखी दहा दिवस लढली. अखेर सुरुंगांनी पोखरलेली भिंत आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंच्या माणसांवर कोसळली. आज त्या गढीचे अवशेष पाण्याखाली आहेत. तिच्यापासून बंदराकडे जाणारा भुयारी मार्ग १९९४ मध्ये सांडपाण्याच्या तक्रारीवरून खोदकाम करताना सापडला, आणि त्यातून आता वाकून चालत जाता येते.

संध्याकाळी धक्क्यावर बसून तळलेली मासळी खाल्ली. व्हेनिस आणि जिनोव्हा यांच्या वखारी येथून हाकेच्या अंतरावर होत्या आणि एका मठाच्या जागेवरून १२५६ मध्ये सुरू झालेल्या भांडणात त्यांनी एकमेकांवर दगडफेकी यंत्रे चालवली होती. शत्रू दाराशी असताना घरातच ही यादवी!

मंगळवार : हत्तीन आणि बेल्व्हार

काकांनी पहाटेच गाडीत पाण्याचा साठा चढवला. “गाडीतून उतरलात की बाटली हातात ठेवा, पोरांनो. त्या टेकडीवर पाणी नाही,” एवढेच ते म्हणाले. ४ जुलै ११८७ चा सारा इतिहास या वाक्यात मावतो.

आम्ही साफुरियाच्या झऱ्यांपासून सुरुवात केली. नाझरेथजवळच्या या मुबलक पाण्याच्या ठिकाणी राजा गी द लुझिन्यानने राज्यातील यच्चयावत् लढवय्ये गोळा केले होते. इतिहासकारांच्या अंदाजाने एकूण २०,००० च्या आसपास माणसे, त्यांत १,२०० चिलखती सरदार. ती आणली कोठून, तर किल्ल्यांतून. तटावर म्हातारे, बायका आणि जखमी ठेवून शिबंदी मैदानात आणली गेली होती. २ जुलैला सलाउद्दीनने गालिलीच्या सरोवराकाठचे तबरिया शहर घेतले. तेथील किल्ल्यात त्रिपोलीचा फ्रँक अधिपती रेमंड याची पत्नी एशिवा अडकली होती. गंमत अशी की, युद्धसभेत रेमंडनेच सांगितले, तबरिया जाऊ द्या, माझी बायकोही तेथेच आहे, तरी पाणी सोडून या कोरड्या माळावर फौज नेऊ नका. सभेला ते पटले. रात्री टेम्पलरांचा प्रमुख जेरार्ड राजाच्या तंबूत गेला आणि राजाने मत फिरवले.

गाडीने आम्ही तोच मार्ग धरला. सरोवरापर्यंतचे अंतर पंचवीस किलोमीटरच्या वर आहे आणि नकाशावर ते काहीच वाटत नाही. तुरआन गावापाशी एक झरा आहे. फ्रँकांची फौज ३ जुलैच्या सकाळी त्याच्या जवळ होती आणि तरीही पुढे सरकली. सलाउद्दीनने लगेच मागून तो झरा बळकावला. मागे झरा शत्रूकडे, पुढे सरोवर शत्रूच्या पलीकडे, आणि दिवसभर घोडेस्वार धनुर्धाऱ्यांचा बाणांचा मारा, अशा अवस्थेत फौजेने मस्काना येथे बिनपाण्याची रात्र काढली. आज तेथे हमरस्त्यांचा वर्दळीचा चौक आहे. पहाटे मुसलमानांनी वाळल्या गवताला आग लावली आणि वारा पश्चिमेकडून असल्याने धूर थेट तहानलेल्या माणसांच्या तोंडावर गेला.

हत्तीनची टेकडी म्हणजे एका मृत ज्वालामुखीचे मुख. दोन्ही टोकांना उंचवटे असल्याने तिला शिंगे म्हणतात. शेतांतून जाणारी पायवाट सोपी आहे आणि अर्ध्या तासात माथा गाठता येतो. काटेरी झुडपे, गुडघ्याएवढे पिवळे गवत आणि पायाखाली काळा दगड; सह्याद्रीत वावरलेल्या माणसाला हा बसाल्ट अनोळखी नाही. माथ्यावर पोहोचताच पूर्वेला गालिलीचे सरोवर समोर येते, निळेशार आणि अगदी आवाक्यातले. उजव्या हाताला उतार इतका मोकळा आहे, की वाटते पळत सुटलो तर पाऊण तासात पाण्यात पाय बुडतील. फ्रँकांचे पायदळ असेच शिस्त मोडून या शिंगांवर चढले आणि राजाने बोलावूनही खाली उतरेना. रेमंडने काही स्वारांसह वेढा फोडून वाट काढली; इबेलिनचा सरदार बालियनही निसटला. बाकीचे दुपारपर्यंत संपले किंवा पकडले गेले. अक्कोच्या बिशपने नेलेला क्रुसाचा पवित्र तुकडाही शत्रूच्या हाती पडला.

यानंतरचा प्रसंग दोन्ही बाजूंच्या बखरकारांनी लिहिला आहे. तंबूत आणलेल्या राजाला सलाउद्दीनने बर्फाने गार केलेले पाणी दिले. राजाने ते पिऊन पेला शेजारच्या रेनॉ द शातियाँला, म्हणजे केरकच्या फ्रँक सरदाराला, दिला. सलाउद्दीनने दुभाष्याकरवी बजावले, की याला पाणी मी दिलेले नाही. कारण अरबांच्या रीतीप्रमाणे ज्याला पाणी पाजले त्याला अभय द्यावे लागते. मग रेनॉवर त्याने स्वतःच्या हाताने वार केला. राजाला जीवदान मिळाले, टेम्पलर आणि हॉस्पिटलर कैद्यांची मात्र कत्तल झाली, आणि साध्या सैनिकांची इतकी भरती दमास्कसच्या गुलामांच्या बाजारात झाली, की भाव कोसळले. सलाउद्दीनच्या उदारपणाच्या कथा रंगवून सांगणारे या दुसऱ्या भागाकडे सहसा वळत नाहीत.

दुपारनंतर दक्षिणेला यार्देन (जॉर्डन) नदीच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या बेल्व्हारला गेलो. हॉस्पिटलरांनी ११६८ मध्ये ही जागा विकत घेऊन येथे चौकोनी किल्ला बांधला आणि त्याच्या पोटात दुसरा चौकोनी किल्ला. बाहेरचा तट पडला तरी आतला बालेकिल्ला स्वतंत्रपणे लढावा, ही त्यामागची योजना. खंदक काळ्या कातळात खोदलेला आहे आणि निघालेला दगड तटाला वापरला आहे, ही पद्धत पाहून आमचा थोरला मित्र खुश झाला. टाक्यांचे बांधकाम आणि चोरदिंड्या पाहण्यातच त्याने दोन तास घालवले. या किल्ल्यातील संन्याशांनी शिबंदी टिकवून ठेवली होती. अक्कोसारखे मोठे शहर हत्तीननंतर सहा दिवसांत शरण गेले, आणि हा एकांड्या डोंगरावरचा किल्ला दीड वर्ष झुंजला. जानेवारी ११८९ मध्ये पूर्वेचा बुरूज सुरुंगाने ढासळला, तेव्हा आतल्यांनी तह केला आणि त्यांना सुखरूप किनाऱ्यावरच्या टायर बंदराला जाऊ देण्यात आले. आम्ही ज्या कोड्यासाठी आलो होतो, त्याचे उत्तर या दोन जागा एकाच दिवशी पाहिल्यावर बऱ्याच अंशी मिळाले.

बुधवार : जेरुसलेम

शहराची सध्याची तटबंदी सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानने बांधलेली आहे, परंतु तिची रेषा बरीचशी जुनीच. आम्ही उत्तरेच्या तटाबाहेरून चालत हेरॉड दरवाज्याकडे गेलो. १५ जुलै १०९९ रोजी पहिल्या क्रुसेडचा एक सेनानी गॉडफ्रे याचा लाकडी मनोरा याच बाजूच्या तटाला भिडला होता. पोप दुसऱ्या अर्बनने नोव्हेंबर १०९५ मध्ये क्लेरमाँ येथे केलेल्या आवाहनानंतर निघालेले लोक येथे पोहोचेपर्यंत साडेतीन वर्षे उलटली होती. शहर तेव्हा इजिप्तच्या फातिमी खलिफांकडे होते आणि त्यांच्या सुभेदाराने आसपासच्या विहिरी निकामी केल्या होत्या. भर उन्हाळ्यात पाण्यासाठी वेढा घालणाऱ्यांमध्येच मारामाऱ्या होत. मनोऱ्यांसाठी लाकूड मिळेना, तेव्हा याफा बंदराला लागलेली जिनोव्हाची जहाजे मोडून त्यांचे सामान वापरले गेले.

आत शिरल्यावर झालेली कत्तल क्रुसेडच्या ख्रिस्ती बखरकारांनी अभिमानाने वर्णिली आहे. पुढच्या अरबी इतिहासकारांनी ७०,००० बळी सांगितले. त्या काळात पूर्वेत असलेला सेव्हिलचा विद्वान इब्न अल्-अरबी ३,००० हा आकडा देतो आणि आजचे अभ्यासक त्याच्याकडे झुकतात. आकडा कमी झाल्याने कृत्याचे स्वरूप बदलत नाही. शहरातील यहुद्यांनाही वगळले गेले नाही. याच लाटेने १०९६ मध्ये जर्मनीतील वर्म्स आणि माइन्झ येथील यहुदी वस्त्या उद्ध्वस्त केल्या होत्या, याची आठवण काकांनी आदल्या रात्री निरोप घेताना मुद्दाम करून दिली होती.

ख्रिस्ताच्या पवित्र कबरीच्या चर्चचे दर्शनी रूप क्रुसेडरांचेच. खलिफा अल्-हाकिमने १००९ मध्ये पाडलेल्या आणि नंतर अंशतः उभारलेल्या वास्तूला त्यांनी एका छताखाली आणले आणि ११४९ मध्ये तिचे समर्पण केले. दर्शनी भागात दोन दरवाजे आहेत. एक बुजवलेला आहे, आणि उघड्या दरवाज्याची किल्ली शतकानुशतके जूदेह आणि नुसैबा या दोन मुसलमान घराण्यांच्या जबाबदारीत आहे. आत ख्रिस्ती पंथांची आपसांत इतकी चढाओढ आहे, की त्रयस्थाच्या हाती किल्ली असणे सर्वांच्या सोयीचे ठरते. सेंट हेलेनाच्या तळघरात उतरताना जिन्याच्या भिंतींवर बोटभर लांबीचे शेकडो क्रूस कोरलेले दिसतात. मी त्यांवरून बोट फिरवून पाहिले. खोली सारखी, अंतरही जवळजवळ सारखे. हे यात्रेकरूंनी स्वतः ओरखडलेले नसून दक्षिणा घेऊन पाथरवटांनी कोरून दिले असावेत, असे मत अलीकडे अभ्यासकांनी मांडले आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

नवस फेडून यात्रेकरू घरी परतत, हेच या राज्याचे मूळ दुखणे होते. १०९९ नंतर गॉडफ्रेपाशी जेमतेम ३०० सरदार उरले. ही तूट भरून काढण्यासाठीच टेम्पलर आणि हॉस्पिटलर यांच्यासारखे कायम राहणारे, लग्न न करणारे लढवय्ये संघ वाढले आणि राजांनी किल्ले त्यांच्या हवाली केले.

गुरुवार : जेरुसलेम

सोनेरी घुमटाची वास्तू आणि अल्-अक्सा मशीद जेथे आहेत, त्या अल्-हरम अश्-शरीफच्या आवारात बिगरमुसलमानांना ठरावीक वेळी प्रवेश मिळतो आणि तोही केवळ पटांगणापुरता. क्रुसेडरांच्या काळात घुमटावर क्रूस होता आणि अल्-अक्सा मशीद प्रथम राजवाडा व पुढे टेम्पलरांचे मुख्यालय होती. सीरियातील शैजरच्या अमीर घराण्यातला उसामा इब्न मुन्किझ याने लिहिले आहे, की तो तेथे गेल्यावर त्याचे टेम्पलर मित्र त्याला नमाजासाठी बाजूची लहान खोली रिकामी करून देत. एकदा एका फ्रँकाने त्याला धरून जबरदस्तीने पूर्वेकडे वळवले, तेव्हा टेम्पलरांनीच त्या माणसाला बाहेर काढले आणि, हा नुकताच आपल्या देशातून आला आहे, अशी माफी मागितली. अक्कोतील १२९० च्या कत्तलीची आठवण येथे झाल्याखेरीज राहत नाही.

२ ऑक्टोबर ११८७ रोजी शहर सलाउद्दीनच्या हाती आले, तो दिवस हिजरी पंचांगातील २७ रजब, म्हणजे पैगंबरांच्या मिअराजचा (स्वर्गारोहणाचा). बालियनने सन्मानाने तह केला. पुरुषामागे १० दिनार, स्त्रीमागे ५. गरिबांपैकी सुमारे ७,००० जणांसाठी ३०,००० ची ठोक रक्कम. तरी हजारो लोक खंडणी न भरता आल्याने गुलामीत गेले. सलाउद्दीनच्या आधीचा सीरियाचा सुलतान नूरुद्दीन याने वीस वर्षे आधी अलेप्पोत याच मशिदीसाठी घडवून घेतलेला लाकडी मिंबर (प्रवचनाचे उंच आसन) सलाउद्दीनने येथे आणून बसवला. १९६९ मध्ये एका माथेफिरूने लावलेल्या आगीत तो जळाला आणि जॉर्डनमध्ये बनवलेली त्याची प्रतिकृती २००७ मध्ये बसवण्यात आली.

बाहेर पडल्यावर सेंट अ‍ॅनच्या चर्चकडे गेलो. बाराव्या शतकातील या निर्मळ दगडी चर्चच्या दारावर अरबी शिलालेख आहे, कारण ११९२ मध्ये सलाउद्दीनने येथे मदरसा स्थापन केला. १८५६ मध्ये, क्रिमियाच्या युद्धानंतर, उस्मानी सुलतानाने ही वास्तू फ्रान्सला दिली आणि ती पुन्हा चर्च झाली. शिलालेख कोणी काढला नाही. जवळच हेरॉड दरवाज्यापाशी भारतीय धर्मशाळा आहे. सूफी संत बाबा फरीद येथे राहिले होते अशी परंपरा सांगते, आणि तसे असेल तर तो काळ जेरुसलेम पुन्हा मुसलमानांकडे आल्यानंतरच्या पहिल्याच पिढीचा.

एक गोष्ट येथे नमूद करतो, कारण वाटाड्यांच्या बोलण्यात ती सहसा येत नाही. १२२९ मध्ये जर्मन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने, पोपने त्याला बहिष्कृत केलेले असताना, इजिप्तचा सुलतान अल्-कामिल याच्याशी वाटाघाटी करून लढाईशिवाय जेरुसलेम मिळवले. हरमचे आवार मुसलमानांकडेच राहिले. दोन्ही धर्मांतील कट्टरांनी या तहाला शिव्याशाप दिले. १२४४ मध्ये मध्य आशियातून आलेल्या ख्वारिज्मी टोळ्यांनी शहर उद्ध्वस्त केले, तोवर ते थोडेबहुत टिकले होते.

शुक्रवार : पुलावरून जॉर्डनमध्ये

सीमेवरच्या तपासण्यांत अर्धा दिवस गेला. मुक्कामाला मादबा येथे पोहोचलो. लिहिण्यासारखे फारसे नाही.

शनिवार : केरक

राजमार्ग या प्राचीन रस्त्याने मुजिबची प्रचंड घळ ओलांडून केरकला आलो. दोन दऱ्यांच्या मधल्या चिंचोळ्या सोंडेवर हा किल्ला आहे, आणि गावाला जोडणाऱ्या बाजूस खंदक खोदून तो तोडलेला आहे. ११४२ मध्ये बांधायला घेतलेल्या या गडावरून मृत समुद्राचे खोरे दिसते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दमास्कसहून इजिप्त व मक्केकडे जाणारी वाट हाताखाली येते. जकातीचे उत्पन्न हाच या किल्ल्याचा प्राण होता.

विजेरी घेऊन आतील बोगद्यांसारख्या दालनांत हिंडलो. पागा, भटारखाना, तेलाचा घाणा, झोपण्याच्या खोल्या. उजेड केवळ छतातील झरोक्यांतून. फ्रँकांचे बांधकाम ओबडधोबड गडद दगडाचे आणि नंतरच्या अरबांचे फिकट, नीट घडवलेल्या चिऱ्यांचे, हा फरक कळू लागला, की भिंत वाचता येते.

हत्तीनला मारला गेलेला रेनॉ ११७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लग्नाच्या नात्याने येथला मालक झाला. त्याआधी तो पंधरा-सोळा वर्षे अलेप्पोत कैदेत होता. त्याने सुटे भाग जोडून केलेली जहाजे तांबड्या समुद्रात उतरवून ११८२-८३ मध्ये हज यात्रेकरूंच्या बंदरांवर धाडी घातल्या, मदिनेच्या आसपासपर्यंत घबराट पसरवली, आणि पुढे तह चालू असताना मोठा काफिला लुटला. राजाने भरपाईची आज्ञा केली, ती त्याने धुडकावली. हत्तीनच्या युद्धाला हे तात्कालिक निमित्त मिळाले. इब्न जुबैरने पाहिलेली काफिल्यांची सुरक्षित वाट एका सरदाराने मोडली, आणि त्याला आवरण्याची ताकद राजापाशी नव्हती.

याच किल्ल्यात ११८३ च्या हिवाळ्यात एक विलक्षण लग्न झाले. राजाची सावत्र बहीण इझाबेला, वय अवघे अकरा, आणि तोरोनचा हम्फ्री यांचे लग्न चालू असतानाच सलाउद्दीनने वेढा दिला. नवऱ्या मुलाच्या आईने लग्नाच्या पंगतीतील पक्वान्ने शत्रूच्या छावणीत पाठवली. सलाउद्दीनने नवदांपत्य कोणत्या बुरुजात आहे ते विचारून घेतले आणि तेवढा बुरूज सोडून बाकी तटावर दगडांचा मारा चालू ठेवला. ही कथा फ्रँकांच्याच बखरीतील आहे आणि तिला मीठमसाला लागलेला असू शकेल. पण वेढा खरा, लग्न खरे आणि मेण्यात झोपून फौजेसह सोडवणुकीला आलेला कुष्ठरोगी राजाही खरा. त्या वेळी राज्यापाशी पाठवायला फौज होती, म्हणून केरक वाचले. ११८८ मध्ये अशी फौजच उरलेली नव्हती. वर्षाहून अधिक काळ उपास काढून, घोडे खाऊन आणि, बखरकार म्हणतात त्याप्रमाणे, धान्यासाठी बायकामुलेही विकून अखेर किल्ला शरण गेला.

रविवार : शोबक

पहिल्या बाल्डविनने १११५ मध्ये बांधलेला हा किल्ला, फ्रँकांचा माँत्रेआल, एका सुट्या शंकूसारख्या टेकडीवर आहे. चहूबाजूंचा उतार इतका तीव्र, की तटाजवळ यंत्रे आणताच येत नाहीत. येथील खरी वस्तू पाण्याची वाट आहे. गडाच्या पोटात शिरणारा, साडेतीनशेच्या आसपास पायऱ्यांचा अंधारा भुयारी जिना थेट खालच्या झऱ्यापर्यंत जातो. पायऱ्या झिजून घसरड्या झालेल्या आहेत आणि काही ठिकाणी बसून, हाताने आधार घेत उतरावे लागते. आमच्यातील दोघे तळापर्यंत जाऊन आले. येथे शिबंदीही होती आणि पाणीही. कमी पडले ते धान्य आणि, म्हणतात, मीठ. मीठ न मिळाल्याने आतल्यांची दृष्टी गेली अशी दंतकथा आहे. ११८९ मध्ये हाही किल्ला गेला आणि यार्देनच्या पूर्वेस फ्रँकांचे काही राहिले नाही.

आज शोबकच्या बुरुजांवर अरबी अक्षरांचे लांबलचक पट्टे दिसतात, ते मामलुकांच्या दुरुस्तीचे. केरकचा खालचा कोटही त्यांचाच. हेच मामलुक १२९१ नंतर अक्को, टायर आणि किनाऱ्यावरची इतर ठाणी पाडत सुटले. शत्रू समुद्रातून येतो, तेव्हा त्याला उतरायला बंदर आणि तट शिल्लक ठेवायचा नाही, आणि डोंगरातले किल्ले मात्र काफिल्यांच्या रक्षणासाठी सांभाळायचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. अक्कोच्या एका चर्चचे संगमरवरी द्वार तर त्यांनी उचलून कैरोला नेले आणि सुलतान अन्-नासिर मुहम्मदच्या मदरशाला बसवले. ते आजही तेथील भर बाजारात उभे आहे, आणि पुढच्या खेपेस कैरोला जायचे ते त्याच्यासाठीच, असे शोबकहून अम्मानच्या वाटेवर ठरले.